बंबावरच्या माणसाला खरे सांगा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चौदा एप्रिल ही तारीख महाराष्ट्राला पाठ आहे ती बाबासाहेबांच्या जयंतीमुळे. जळगाव असो की धुळे, त्या दिवशी रस्ते निळ्या झेंड्यांनी फुललेले असतात. त्याच सकाळी अग्निशमन केंद्राच्या आवारातही एक लहानसा कार्यक्रम होतो. बंब धुऊन-पुसून ओळीने उभे केलेले असतात. जवान गणवेशात उभे राहतात. फूल वाहिले जाते, दोन मिनिटे शांतता पाळली जाते. मग आठवडाभर अग्निशमन सेवा सप्ताह चालतो. शाळांमध्ये प्रात्यक्षिके होतात, मुले बंबावर चढून घंटा वाजवतात, छातीवर छोटा कागदी झेंडा लावून घेतात.

त्या दोन मिनिटांच्या शांततेत ज्यांची आठवण काढतात, ते सहासष्ट जण कोण होते? मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटात गेलेले फायर ब्रिगेडचे जवान, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्या आगीची सुरुवात कापसाच्या गाठींत झाली होती, हे फारसे सांगितले जात नाही. आपण खान्देशातली माणसे. कापूस कसा जळतो, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणून ही हकिगत आपल्याला जरा जास्त जवळून कळावी, असे मला वाटते.

दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. 'फोर्ट स्टिकीन' नावाचे, सात हजार टनांच्या वरचे मालवाहू जहाज १९४४ च्या फेब्रुवारीअखेर इंग्लंडातल्या बर्कनहेड बंदरातून निघाले. कॅनडात १९४२ साली बांधलेले, म्हणजे तसे नवेच. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि दारूगोळा होता. लढाऊ विमाने होती. शिवाय एकतीस पेट्या भरून सोन्याच्या विटा होत्या, त्यांची किंमत त्या वेळी आठ लाख नव्वद हजार पौंड. जहाज कराचीला लागले. तिथे काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, वंगणाचे तेल, लाकूड आणि भंगार चढवण्यात आले. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांनी हरकत घेतली. दारूगोळ्यासोबत कापूस आणि तेल कोण भरतो? पण लढाईचे दिवस. जहाजे अपुरी, माल ढीगभर. हरकत बाजूला पडली. बारा एप्रिलला जहाज मुंबईला आले आणि व्हिक्टोरिया गोदीच्या पहिल्या क्रमांकाच्या धक्क्याला लागले.

आता त्या मालाची रचना पाहा. जहाजाच्या पोटात मोठमोठे कप्पे असतात. दुसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यात तळाशी कापूस होता आणि त्याच कप्प्याच्या वरच्या माळ्यावर स्फोटके होती. स्फोटके घेऊन आलेल्या जहाजाने बंदरात लाल निशाण लावायचे असते. या जहाजावर ते नव्हते. युद्धाच्या काळात इतकी जहाजे दारूगोळा घेऊन ये-जा करत की, निशाणाचे कुणाला सोयरसुतक उरले नव्हते. जवळून जाणाऱ्या माणसाला हे चारचौघांसारखेच एक मालवाहू जहाज दिसत होते.

शुक्रवारचा दिवस होता. जेवणाची सुट्टी संपवून गोदी कामगार परतले, तेव्हा दुसऱ्या कप्प्यातून धूर येताना दिसला. सुट्टी चालू असतानाच शेजारच्या जहाजांवरच्या काहींनी तो पाहिला होता, पण त्यात विशेष काही आहे असे कुणाला वाटले नाही. दुपारी दोनच्या सुमारास एकच धावपळ उडाली. गोदीतल्या अग्निशमन पथकाने पहिले नळ सोडले. मोठी आग असल्याची वर्दी फायर ब्रिगेडच्या मुख्य कक्षाला टेलिफोनवरून देण्यासाठी एक जण धावला. टेलिफोनवरून शहरात नंबर लागेना, तेव्हा त्याने आगीच्या इशाऱ्याची काच फोडली. इशारा पोचला, पण काच फोडल्याने एवढेच कळते की, कुठेतरी आग आहे. कसली आग, कशाच्या शेजारी, हे त्यातून कळत नाही. नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे दोन पंप रवाना झाले. चौदाशे टन स्फोटकांच्या आगीवर दोन पंप!

इथे थोडे कापसाविषयी बोलायला हवे. जिनात सरकी वेगळी होते आणि प्रेसमध्ये रुई दाबून तिची पावणेदोन क्विंटलच्या आसपासची गाठ बांधतात, वरून लोखंडी पट्ट्या आवळतात. अशा गाठीच्या पोटात एकदा ठिणगी शिरली की ती भडकत नाही, धुमसते. दोन-दोन दिवस धुमसते. वरून कितीही पाणी मारा, दाबलेल्या रुईत ते मुरत नाही. वरचा थर भिजतो आणि आत निखारा तसाच राहतो. लहानपणी आमच्या गावच्या जिनाला लागलेली आग मी पाहिली आहे. ज्वाळा पहिल्या रात्रीच विझल्या, पण तिसऱ्या दिवशीही माणसे एकेक गाठ ओढून काढत होती, पट्ट्या तोडत होती, रुई पिंजून तिच्यावर पाणी ओतत होती. 'कापसाची आग विझवायची नसते, ती उकलायची असते,' असे तिथला एक म्हातारा मुकादम म्हणाला होता. जहाजाच्या पोटात, धुराने कोंदलेल्या कप्प्यात, डोक्यावर स्फोटकांचा माळा असताना गाठी उकलणार कशा?

मुंबई फायर ब्रिगेडचे प्रमुख नॉर्मन कूम्स जादा पंप घेऊन पोचले. नळांमागून नळ लागले. आगीची नेमकी जागा काही सापडेना. जहाजाच्या कुशीवरचा रंग एका ठिकाणी फुगून सोलवटायला लागला, तेव्हा जाळ त्याच्या आड आहे एवढे कळले. तिथला पत्रा कापून पाणी आत घालण्याचा प्रयत्नही साधला नाही. मग वरूनच पाणी ओतत राहण्याखेरीज इलाज राहिला नाही. नऊशे टनांच्या वर पाणी त्या कप्प्यात गेले. आतले पाणी उकळू लागले. आणि कापूस पाण्यावर तरंगतो. जसजसे पाणी चढले, तसतसा जळता कापूसही पाण्याबरोबर वर चढला, थेट स्फोटकांच्या दिशेने. आग विझवणाऱ्यांचे पाणीच आगीला वर नेत होते.

जहाजात काय आहे, हे त्यांना कळले होते का? पहिल्या पंपांवरून आलेल्यांना सुरुवातीला नाही. थोड्या वेळाने दारूगोळा खात्याचा अधिकारी तिथे आला आणि हे जहाज उडाले तर सगळी गोदी उडेल, असे त्याने स्पष्ट सांगितले. ते धक्क्यावरच बुडवावे, असा विचार निघाला, पण गोदीतले पाणी त्याला पुरेल इतके खोल नव्हते. बाहेर समुद्रात ओढून न्यावे, यावर एकमत होईना. कप्तान, बंदराचे अधिकारी, लष्कराचे अधिकारी, प्रत्येकाचे मत निराळे आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे ठरलेले नाही. हे सगळे बोलणे चालू असताना ज्यांच्या हातात नळ होते ते नळ धरून उभे होते. मला त्यांच्या धैर्याची जागा नेमकी इथे दिसते. ते अजाणतेपणी मेले नाहीत. त्यांना उशिरा कळले, आणि कळल्यावरही ते जागचे हलले नाहीत.

चारला दहा मिनिटे असताना कप्प्यातून ज्वाळांचा लोळ उठला आणि जहाज सोडण्याचा हुकूम झाला. डेकवरून उतरलेल्या जवानांपैकी कित्येक जण धक्क्यावरून पाणी मारतच राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला, पहिल्याहून मोठा. आसपासची अकरा जहाजे बुडाली किंवा बुडण्याच्या बेतास आली. काही मैलांवरच्या घरांच्या काचा फुटल्या. शिमल्याच्या भूकंपमापकावरही त्या हादऱ्याची नोंद झाली. जळता कापूस आकाशातून पावसासारखा वस्तीवर पडला आणि तिथे नव्या आगी लागल्या. सरकारी आकडा सातशेहून अधिक मृतांचा होता, इतर अंदाज तेराशेपर्यंत जातात. अडीच हजारांच्या आसपास जखमी, ऐंशी हजार बेघर. फायर ब्रिगेडचे सहासष्ट जवान ठार आणि त्र्याऐंशी जखमी झाले. कप्तान नेस्मिथही गेले. कूम्स वाचले.

या स्फोटाची गोष्ट निघाली की, लोक हटकून सोन्याच्या विटांविषयी बोलतात. एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून वीट पडली आणि त्याने ती प्रामाणिकपणे परत केली, ही हकिगत तर घरोघर सांगितली जाते. जळगावकराचे सोन्याकडे कान असणारच. गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षे त्या विटा सापडत राहिल्या. पण मला त्यात दुसरीच गोष्ट खटकते. सोन्याचा हिशेब पेटीगणिक ठेवलेला होता, गेलेल्या माणसांचा मात्र शेकड्यांनी कमी-जास्त होतो. रोजंदारीवरचे हमाल, बाजूच्या झोपड्यांत राहणारी कुटुंबे कुठल्याच पटावर नव्हती. फायर ब्रिगेडचा पट होता, म्हणून 'सहासष्ट' हा आकडा तरी नेमका राहिला.

त्या सहासष्ट घरांत संध्याकाळी काय झाले असेल? फायर ब्रिगेडच्या माणसाचे घर हे बहुधा केंद्राच्या आवारातच असते. खाली घंटा वाजते, ती वरच्या खोलीत बायकोलाही ऐकू येते. बंब बाहेर पडलेला मुले खिडकीतून पाहतात. बंब परत आला की किती उतरले, ते मोजले जातात. त्या दिवशी स्फोटांचे दोन्ही आवाज सगळ्या शहराने ऐकले. भायखळ्याच्या वसाहतीतल्या बायकांना ते कुठून आले हे सांगावे लागले नसेल. बंब परत आले नाहीत. कितीतरी जणांचे देहही मिळाले नाहीत. ज्या घरात अंत्यविधी करायला देह मिळत नाही, त्या घरातले दुःख मिटत नाही. 'कुठल्या तरी इस्पितळात असेल, शुद्धीवर आला की येईल,' ही आशा वर्षानुवर्षे उंबऱ्यात बसून राहते.

त्यात भर घातली ती सरकारी मौनाने. युद्धकाळातली सेन्सॉरशिप होती. मुंबई हादरली, आकाश तीन दिवस लाल होते, पण वृत्तपत्रांना त्याविषयी छापण्याची मुभा नव्हती. ती मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. आज मी रेडिओवरून बोलतो आहे, म्हणून हेही सांगितले पाहिजे की, आपल्याकडचा रेडिओही गप्प होता. दुसऱ्या दिवशी जगाला ही बातमी सांगितली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. मुंबईहून निघालेल्या रेल्वेगाड्या रोज चाळीसगाव, जळगाव, भुसावळवरून जात होत्या. खान्देशाला मुंबईच्या आगीची पहिली खबर मिळाली असेल, तर ती डब्यातल्या प्रवाशांच्या तोंडूनच. ज्याचे कुणी मुंबईत कामाला होते त्याने कुणाला विचारायचे?

म्हणजे या घटनेला दोन मौने आहेत. एक आगीच्या आधीचे: निशाण लावले नाही, वर्दी नीट पोचली नाही, माल काय आहे ते वेळेवर सांगितले नाही. दुसरे आगीच्या नंतरचे. पहिल्या मौनाने माणसे मारली, दुसऱ्याने त्यांच्या घरच्यांना दुःख मोकळेपणी सांगण्याचीही चोरी केली. पुढे चौकशी आयोग बसला. घातपात नसून कुणीतरी टाकलेले जळते थोटूक कारण असावे, असा निष्कर्ष निघाला. एका थोटकाने गोदी उडत नाही. एका थोटकाने कापसाची गाठ पेटते. उरलेले सगळे माणसांच्या बेफिकिरीने घडते.

ही काही फक्त मुंबईची आणि युद्धाचीच गोष्ट नव्हे. त्या घटनेनंतर तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेत टेक्सास सिटी बंदरात खताच्या जहाजाला आग लागली. खत म्हणजे अमोनियम नायट्रेट. त्या गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातला एक जण सोडून सगळे स्फोटात गेले. चीनमधल्या तियानजिन बंदरात १२ ऑगस्ट २०१५ रोजी रसायनांच्या गुदामांत झालेल्या स्फोटात १७३ जण मरण पावले किंवा बेपत्ता झाले, त्यांत निम्म्याहून अधिक आग विझवणारे होते. लेबनॉनची राजधानी बैरुत येथे ४ ऑगस्ट २०२० रोजी बंदरातल्या गुदामाला आग लागल्याची वर्दी आली. दहा जणांचे पथक गेले. आत २,७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे पडून आहे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्यांतला एकही परतला नाही. देश निराळे, साल निराळे. हकिगत मात्र तीच: दारात माणूस उभा आहे आणि आत काय आहे, ते ज्याला माहीत आहे तो बोलत नाही.

आपल्या आठवणीतली घटना सांगायची तर मुंबईच्या काळबादेवीची. शनिवार, ९ मे २०१५. गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली. रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. अधिकारी आतच होते, तेवढ्यात इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई जागीच गेले. उपप्रमुख सुधीर अमीन यांनी चौदा मे रोजी, तर मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी चोवीस मे रोजी इस्पितळात प्राण सोडला. दलाचा प्रमुखच पुढे होता, हे लक्षात घ्या. या वेळी मौन नव्हते. दूरचित्रवाणीवर क्षणाक्षणाची बातमी होती, आपण खान्देशात बसून ती पाहत होतो. पण कॅमेरे निघून गेल्यावर जे सुरू होते, त्याची बातमी होत नाही. आश्वासनांचा पाठपुरावा, कागदपत्रे, केंद्राच्या आवारातली राहती खोली, मुलांची शिक्षणे. आणि घंटेचा तो आवाज, जो आता दुसऱ्या कुणाच्या तरी नवऱ्यासाठी वाजतो.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्याकडे अग्निशमन हे महापालिका-नगरपालिकांचे काम. तालुक्याच्या गावी अनेकदा एखाद-दुसरा बंब आणि मोजकी माणसे. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, नेमके तेव्हाच चारा, कडबा, झोपड्या, जिनात उरलेला कापूस पेटतो, आणि नेमके तेव्हाच पाण्याची बोंब असते. त्या उन्हात अंगावर जाड कोट घालून आगीत जाणारा माणूस आपल्याच गल्लीतला असतो. शिवाय खान्देश आता नुसता कापसाचा राहिलेला नाही. औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. शिरपूरजवळ वाघाडी येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला आणि किमान तेरा जणांचा जीव गेला. आसपासच्या गावांतल्या लोकांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. सगळे गाव बाहेर पळत असते, तेव्हा बंब आत जात असतो. अशा वेळी त्याला आत काय आहे ते ठाऊक असायला नको का?

कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे, आणि तो २००८ च्या डिसेंबरपासून अमलात आला. आपल्या इमारतीतली अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत आहेत, असे प्रमाणपत्र मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. कागद होतातही. पण कागदाने पंप सुरू होत नाही आणि गुदामातले पिंपही हलत नाहीत.

मला वाटते, सप्ताहात आपण फूल वाहतो, ते वाहावेच. पण त्या सहासष्ट जणांचे ऋण फेडायचे तर ते तीनशे पासष्ट दिवसांच्या साध्या गोष्टींनी फेडले जाईल. जिनवाल्याने गंजींमध्ये बंब फिरेल एवढी वाट मोकळी ठेवावी. व्यापाऱ्याने गुदामाच्या दाराशी आतल्या मालाची पाटी लावावी, तीही मराठीत, मोठ्या अक्षरांत. तळमजल्यावर फटाके, स्पिरिट, गॅसच्या टाक्या ठेवल्या असतील, तर शेजाऱ्याने भीड सोडून ते सांगावे. आणि बंब दारात आला की, मालकाने विम्याचा, परवान्याचा, इभ्रतीचा विचार बाजूला ठेवून आधी एक वाक्य बोलावे: 'आत हे हे आहे, इथे इथे आहे, आणि आत इतकी माणसे आहेत.'

तो माणूस तरीही आत जाईल. ते ऐकून मागे फिरणाऱ्यांतला तो नाही, हे १९४४ साली सिद्ध झाले आहे. पण कोणत्या बाजूने जायचे, पाणी मारायचे की फेस, किती जवळ उभे राहायचे आणि कधी बाहेर पडायचे, हे त्याला ठरवता येईल. केंद्राच्या आवारातल्या खोलीत कुणीतरी परतणाऱ्या बंबावरची माणसे मोजत असते. ती मोजणी पूर्ण व्हावी, एवढे तर आपल्या हातात आहे.